मुख्याध्यापक बदलले आणि शाळाच बदलली

आज मधल्या सुट्टीत आमच्या मुख्याध्यापिका मॅडमशी बोलणं झालं ते लिहून ठेवते, नाहीतर रोजच्या धबडग्यात राहून जातं.

सकाळी त्या माझ्या तिसरीच्या वर्गात येऊन मुलांसोबत खाली बसल्या. हातच्याची वजाबाकी चालू होती. एका मुलाने ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलं, म्हणजे एककात मोठ्यातून लहान वजा केला, खालीवर काही न बघता. मॅडम वर्गात काहीच बोलल्या नाहीत. सुट्टीत चहा घेताना म्हणाल्या, "त्याला दशकाचा गठ्ठा सोडायला लावूया का, काड्या माझ्याकडे आहेत, उद्या दोघी मिळून घेऊ." बस एवढंच. शेरेबुक नाही, लाल पेन नाही. दिवसभर माझ्या डोक्यात तेच, की अजून कुणाकुणाचं असं होतंय, आणि संध्याकाळी मी सगळ्या वह्या त्याच नजरेने परत बघितल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

आधीच्या शाळेत वर्गनिरीक्षण म्हणजे धडकीच. तिथले मुख्याध्यापक साहेब दारातूनच टाचण (तासाचं लेखी नियोजन) मागायचे, "टाचण अपूर्ण" असा शेरा मारायचे आणि तो सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे. रात्री ग्रुपवर "तात्काळ माहिती भरा". आमच्यातला एक नवीन सर मुलांना मैदानात नेऊन पावलांनी, दोरीने मोजमाप शिकवायचा, मुलं अक्षरशः वाट बघायची त्या तासाची. पण मुलं बाहेर का म्हणून एकदा सगळ्यांदेखत झापलं आणि त्याने ते बंदच केलं. पुढे तो फक्त पुस्तक वाचून घ्यायचा. माणूस तोच, पगार तोच, प्रशिक्षणंही तीच, मग काय बदललं?

शिक्षक कामचुकार असतात असं सर्रास बोललं जातं त्याचा मला मनापासून राग येतो. काही असतातही, नाही असं नाही. पण चुकलं तर कुणीतरी पाठीशी उभं राहील एवढी खात्री नसेल तर वर्गात नवीन काही करून बघणार कोण?

आणि मुख्याध्यापकांची बाजूही आहे. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला १५० च्या वर पट असेल तरच मुख्याध्यापकाचं पद, त्यामुळे लहान शाळांत सेवाज्येष्ठ शिक्षकच चार्ज घेतो, स्वतःचा वर्ग सांभाळून यू-डायस (शाळेची सरकारला द्यायची ऑनलाइन माहिती), पोषण आहाराची नोंद, सगळ्या बैठका. वरून दट्ट्या आला की तो खाली येतोच. त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं २००९ पासून लिहिलंय, तरी कुठली ना कुठली माहिती तातडीने लागतेच. आमच्या मॅडम काय करतात, तर असे मेसेज स्वतःकडेच थांबवतात, खरंच आमच्याकडून काही हवं असेल तेवढंच शाळा सुटल्यावर विचारतात. तासाला कुणाला ऑफिसमध्ये बोलवत नाहीत. याने माझे किती तास वाचतात ते माझ्या वर्गालाच माहीत.

पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, मी या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना विचारणार आहे, मुख्याध्यापकांच्या बैठकीत ऑनलाइन माहितीचं पोर्टल सोडून एक तास तरी या विषयाला द्या, वर्ग बघून झाल्यावर शिक्षकाशी बोलायचं कसं. आमच्या मॅडमनाच तो घ्यायला सांगा.