फ्रेंच लॉग, महिना तिसरा: एकदाचा उंट उठला!

मागच्या वेळी लिहिलं होतं ना की बुद्धिबळात काळ्याकडून खेळायची फ्रेंच ओपनिंग सोडून कारो-कान ही दुसरी ओपनिंग धरतो, ते कॅन्सल. काल जळगावला ओपन रॅपिड स्पर्धा होती, 25 मिनिटं अधिक दर चालीला 10 सेकंद, भुसावळहून सकाळच्या गाडीने गेलो, पाच राउंडमध्ये साडेतीन झाले पण सांगायचंय ते चौथ्याचं. लंचला शेवभाजी जरा जास्तच हाणली होती, नाक गळतंय, मला काळे आणि समोर नववीतला पोरगा, रेटिंग माझ्याहून शंभरेक जास्त.

ई4 ई6, डी4 डी5, घोडा सी3, घोडा एफ6, म्हणजे फ्रेंचचा क्लासिकल प्रकार. उंट जी5, उंट ई7, ई5, घोडा डी7 ला माघारी. इथे एच4 टाकतो की काय म्हणून पोटात गोळा, ते गँबिट, म्हणजे प्यादं सोडून हल्ला करायचा डाव, मला अजून झेपत नाही, पण त्याने सरळ उंटाला उंट मारला. मग एफ4, माझं कॅसलिंग, घोडा एफ3, सी5, त्याने ते खाल्लं, घोडा सी6, उंट डी3 आणि मी एफ6 ने सेंटर फोडलं. सी5 आणि एफ6 हे प्याद्यांचे दोन धक्के दिले नाहीत तर फ्रेंचमध्ये गुदमरूनच मरायचं.

आता तो सी8 चा उंट. आमच्याकडचे एक काका म्हणतात, फ्रेंचचा हा उंट म्हणजे लग्नातला रुसलेला जावई, कोपरा सोडत नाही. काल सोडला भो! डी7, ई8, एच5, तीन चालीत बाहेर येऊन एफ3 च्या घोड्यावर डोळा.

सतराव्या चालीला त्याने वजीर ई3 ला आणला, ई1 ला हत्ती होताच, म्हणजे माझ्या ई6 वर दोघं. तीन मिनिटं बसलो, उंट परत एफ7 ला टाकायला हात उचललासुद्धा, आणि मग दिसलं, डी4! एका प्याद्याने वजीर आणि सी3 चा घोडा दोन्ही. त्याने चेक देत ई6 खाल्लं, वजिरावजिरी झाली, पण घोडा गेलाच, बदल्यात दोन प्यादी. त्याने घोडा ई4 करून उलट माझ्याच वजिरावर हल्ला केला असता तर? तरी एक घोडा वरच राहतो, पण हे मला बोर्डावर दिसलंच नव्हतं, परतीच्या गाडीत लक्षात आलं आणि घाम फुटला.

एंडगेम मी उगाच लांबवला, 52 चाली. हात मिळवताना पोरगा म्हणाला, "काका, डी4 दिसलंच नाही." म्हटलं, मलापण उशिराच दिसलं.

पुढच्या महिन्यात फक्त एच4. तिथे कोणी सी5 खेळतं का, की सरळ जी5 चा उंट मारता?