पोटॅशियम ७.६

लॅबमध्ये सकाळच्या पहिल्याच बॅचमध्ये एका आजींचं पोटॅशियम ७.६ आलं. नॉर्मल ३.५ ते ५. एवढं चढलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं.

ट्यूब उजेडात धरली. पोटॅशियम खोटं वाढतं ते बहुधा रक्त ओढताना पेशी फुटल्यामुळे, पण तेव्हा सिरम (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी) लालसर दिसतं. हे स्वच्छ पिवळं होतं. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमधलं रक्त कुणी यात ओतलं असतं (असंही करतात, विचारू नका), तर त्यातल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं, पोटॅशियम असलेलं रसायन) पोटॅशियम चढलं असतं, पण कॅल्शियम पार खाली गेलं असतं. ते ९.४. क्रिएटिनिनही ठीक, म्हणजे किडनीवरही संशय नाही. मग त्याच आइसबॉक्समधली बाकीची सॅम्पल लावली: ५.८, ६.१, ५.९. अख्ख्या गावाचं पोटॅशियम एका रात्रीत चढत नाही.

कलेक्शन सेंटरला फोन लावला. गाडी चुकली म्हणून ट्यूब सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये न फिरवताच रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. "एकदम थंड ठेवल्यात मॅडम," पोरगा अभिमानाने म्हणाला.

तिथेच घोळ झाला. पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा तीसेकपट पोटॅशियम असतं आणि ते आवरणातून सतत बाहेर झिरपतं. आवरणातला पंप ते परत आत ओढतो: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, दर खेपेला एक एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च. येन्स स्को यांना १९५७ साली हा पंप खेकड्याच्या पायातल्या नसांमध्ये सापडला. १९९७ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. फ्रीजमध्ये पंप जवळजवळ ठप्प होतो, झिरपणं मात्र चालूच राहतं. पेशी फुटत नाहीत, म्हणून सिरम फसवं स्वच्छ. थंडीने पेशींचं साखर खाणं मंदावतं, साखरेचा आकडा टिकतो, त्यामुळे 'थंड ठेवा' एवढंच या पोरांना पढवलेलं असतं. आधी फिरवून सिरम वेगळं करा, हे सांगायला कुणाला वेळ नसतो.

मी डॉक्टरांना फोन करेपर्यंत उशीर झाला होता. आमचं सॉफ्टवेअर मशीनवरचा आकडा थेट त्यांच्या मोबाइलवर धाडतं. मालकांना या वेगाचं फार कौतुक. आजी टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीवर, त्या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं, त्यामुळे आकडा पटण्यासारखाच. पोटॅशियम उतरवायला डॉक्टरांनी इन्सुलिन-डेक्स्ट्रोज (इन्सुलिन आणि सोबत साखर) सुरू केलं होतं. इन्सुलिनही तोच पंप जोरात चालवतं. ताज्या सॅम्पलमध्ये ३.३ आलं. त्यावरून मूळचं किती होतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

बीपीची गोळी त्याच आकड्यावरून बंद केली होती. ती परत सुरू केली का, हे विचारायला डॉक्टरांना दोनदा फोन केला. उचलत नाहीत.