डिसेंबरात भरणारं तळं

आमच्या विभागातलं जीपीएस यंत्र डेडस्टॉक रजिस्टरला माझ्या नावावर चढलेलं आहे. ते कॉलेजच्या फाटकाबाहेर न्यायचं तर मी बरोबर हवी. एवढ्याच कारणासाठी त्या दिवशी सकाळी मी सिन्नरच्या एसटीत बसले. नाहीतर माझ्या विद्यार्थिनीचा विद्यावेतनाचा अर्ज जसा होता तसाच गेला असता, खाली माझ्या सहीसकट.

मी नाशिकमध्ये भूगोल शिकवते, पीएचडीची गाइड आहे. ही माझी विद्यार्थिनी नेट परीक्षा पास झाली होती, पण जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी पाठ्यवृत्ती, थोडक्यात हुकली. ज्यांना मिळते त्यांना 2023पासून महिना 37 हजार रुपये मिळतात. ज्यांना मिळत नाही ते तासिका तत्त्वावर शिकवतात आणि उरलेल्या वेळात संशोधन करतात. म्हणजे करत नाहीत. अशात एका संस्थेची जाहिरात दिसली: शाश्वत विकासावर पीएचडी करणाऱ्यांना तीन वर्षं विद्यावेतन, शिवाय क्षेत्रीय कामाचा खर्च वेगळा. संस्थेचं नाव घेत नाही, पुढे थोडं रडगाणं आहे.

शेवटची तारीख होती 31 डिसेंबर, रात्री बारा. आम्ही निघालो 31 तारखेलाच. अभ्यासक्षेत्राच्या नकाशावर दहा विहिरी आणि सहा शेततळ्यांचे बिंदू टाकायचे बाकी होते. एवढंच राहिलंय, असं आम्हाला वाटत होतं.

एसटीत मी तिचा मसुदा पुन्हा चाळला. पहिल्या परिच्छेदात 1987च्या ब्रुंटलंड अहवालातली शाश्वत विकासाची व्याख्या. दुसऱ्यात संयुक्त राष्ट्रांची 17 उद्दिष्टं, त्यातलं पाण्याचं सहावं ठळक अक्षरांत. ही दोन फुलं वाहिल्याशिवाय हल्ली कुणाची पूजाच सुरू होत नाही. वाङ्मयचौर्य तपासणीत साम्य निघालं होतं 23 टक्के. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018च्या नियमांनी 10 टक्क्यांपर्यंत चालतं. वरचे तेरा टक्के कुठून आले हे सांगायला यंत्र नको होतं. शीर्षक मात्र माझंच होतं: 'शेततळी: पर्जन्यजल संचयनाचे शाश्वत प्रारूप'. मला ते आवडलंही होतं.

तिचं गाव तालुक्याच्या पूर्वेला. इगतपुरीकडे कोसळणारा पाऊस इथवर येईपर्यंत दमतो, वर्षाला पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक चांगलं साल म्हणतात. फाट्यावर तिचे वडील मोटारसायकल घेऊन उभे होते. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणू लागले. दोन एकर द्राक्ष, थोडा कांदा. घरी चहा झाला आणि आम्ही आधी त्यांच्याच तळ्यावर गेलो.

बांध चढून वर गेले आणि यंत्र सुरू करून उपग्रह सापडायची वाट बघत उभी राहिले. आभाळ निरभ्र. समोर 30 बाय 30 मीटरचं तळं, आत काळ्या प्लास्टिकचं अस्तर, आणि पलीकडच्या बांधावरून आत वाकलेला एक काळा पाइप. त्यातून मनगटाएवढी धार पडत होती. अस्तरावर पाणी आपटल्याचा आवाज एकसारखा येत होता, पत्र्यावर पाऊस पडावा तसा.

"आप्पा, हे पाणी कुठलं?"

"बोअरचं." त्यांनी बोट दाखवलं. "सकाळी लाइट आली की चालू करतो. महिना झाला भरतोय."

"आणि पावसाचं?"

ते हसले. "मॅडम, बांध बघा ना केवढा उंच. बाहेरचं पाणी आत यायला वाट कुठंय? वरनं पडेल तेवढंच."

मी पोरीकडे पाहिलं. ती पाइपाकडे बघत होती. वर्षानुवर्षं हे तळं बघणाऱ्या मुलीनं त्यावर आठ पानं लिहिली होती, आणि त्यात हा पाइप नव्हता. तिला दोष देण्यात अर्थ नाही. प्रस्ताव लिहायला बसलं की माणूस डोळ्यांनी पाहिलेलं बाजूला ठेवतो आणि वाचलेलं लिहितो. मी तरी शीर्षक देताना दुसरं काय केलं होतं?

तिथेच बांधावर बसून वहीच्या मागच्या पानावर आम्ही हिशेब मांडला. वर 30 बाय 30, खोली तीन मीटर, बाजूंना उतार असल्यामुळे तळाशी 24 बाय 24. तळ्यात मावतं 2196 घनमीटर, म्हणजे जवळजवळ 22 लाख लिटर. पाचशे मिलिमीटर पाऊस नऊशे चौरस मीटरवर पडला तर साडेचार लाख लिटर. पाचवा हिस्सा. बाकीचे साडेसतरा लाख त्या पाइपातून. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर वाफ धरली तर भरलेल्या तळ्यातून रोज सात हजार लिटर उडून जातं. पाणी खाली जाईल तसा पृष्ठभाग आक्रसतो हे धरलं, तरी मार्च ते मे या तीन महिन्यांत चार-पाच लाखांवर पाणी पडतं. वर्षभरात वरून जेवढं आलं, तेवढं उन्हाळा वरच्यावर परत नेतो.

2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हा 50 हजारांपर्यंत अनुदान होतं आणि कल्पना होती पावसाचं पाणी अडवायची, पिकाला एखाददुसरं पाणी देऊन वाचवायची. इथे तळं झालं होतं भूजलाची टाकी, तीही उघडी.

मी जरा सुनावण्याच्या सुरात म्हटलं, "आप्पा, जमिनीत होतं तेच पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, हा तोटाच नाही का?"

"मला कळत नाही होय?" त्यांचा आवाज चढला नाही. "जमिनीतलं पाणी माझं कुठंय? मी नाही ओढलं तर शेजारचा ओढेल. त्याची बोअर पाचशे फूट आहे. प्लास्टिकात आलं की ते माझं. एप्रिलात खरड छाटणी झाली की बागेला पाणी लागतं, तेव्हा विहीर कोरडी ठाक असते. लाइट आठ तास, ती पण कधी रात्रीची. तोटा आहे. पण बाग जळण्यापेक्षा तोटा परवडला."

मी गप्प बसले. भूजल उपशावर इतकं वाचलंय, पण 'प्लास्टिकात आलं की माझं' इतकं नेमकं कुठे वाचल्याचं आठवत नाही.

पोरगी म्हणाली, "मॅडम, प्रश्नच बदलायला हवा." घड्याळात पावणेबारा. अर्जाला बारा तास.

मग खरी अडचण आली. नवा प्रश्न होता तळ्यांत जमिनीतलं पाणी किती जातं हा, आणि त्यासाठी बोअरची खोली विचारणं भाग होतं. 2009च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी 60 मीटरच्या, म्हणजे सुमारे दोनशे फुटांच्या खाली जायला मनाई आहे. आप्पांची बोअर 420 फूट. गावात असा आकडा बाहेरच्या माणसाला कुणी सांगत नाही, आणि ही तर घरचीच मुलगी, कागदावर लिहून मुंबई-दिल्लीच्या समितीला पाठवणार. वडिलांचं शेत नमुन्यात धरायचं की वगळायचं? मी म्हटलं, वगळ, उगाच भानगड नको. ती म्हणाली, दुसऱ्यांना विचारायचं आणि घरचं झाकायचं, मग लोक मला खरं कशाला सांगतील? या वादात अर्धा तास गेला. शेवटी आप्पाच म्हणाले, "लिही. नाव नको टाकू. आणि शेजाऱ्याचं पण नाव नको." त्यांची बोअर नकाशावर वि-7 झाली. संमतीपत्रकाचा नमुना आम्ही त्यांच्यासमोरच तयार केला: नाव नाही, गट नंबर नाही, माहिती कुठल्याही कार्यालयाला दिली जाणार नाही.

बिंदू घेईपर्यंत तीन वाजले. संध्याकाळी विभागात बसून व्याख्या उडवली, उद्दिष्टं उडवली. नवं पहिलं वाक्य होतं: 'अभ्यासक्षेत्रातील अस्तरित शेततळी डिसेंबरात भरतात.' पद्धत साधी ठेवली. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते; ही दहा विहिरी दर पंधरवड्याला मोजणार, आणि तळ्यात किती शिरलं, किती उडालं, बागेला किती गेलं याची नोंद ठेवणार. साम्य आलं सहा टक्के.

अंदाजपत्रक बघितलं तर त्यात लॅपटॉप होता, परिषदेचा विमानप्रवास होता, आणि दर पंधरा दिवसांनी दहा विहिरी हिंडायला पेट्रोल नव्हतं. विमान काढलं, पेट्रोल घातलं. पाणीपातळी मोजायची फीत घातली, तिचं टोक पाण्याला टेकलं की वर शिट्टी वाजते.

अग्रेषण पत्रावर सही करणारे साहेब नाताळच्या सुट्टीवर. शिपाईमामांनी त्यांना घरी गाठून सही आणली, पण गोल शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात, म्हणून मामा पुन्हा गेले. पोर्टलला दोन एमबीच्या आतलीच पीडीएफ हवी होती, आमची नकाशामुळे नऊची. नकाशा काळापांढरा केला. रात्री 11 वाजून 38 मिनिटांनी पोचपावती आली. बाहेर नववर्षाचे फटाके आधीच सुरू झाले होते.

एप्रिलात मुलाखत झाली. समितीतल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, "वि-7 कायद्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी खोल आहे. मालकानं आकडा दिला कसा?" ती म्हणाली, "माझे वडील आहेत." मग, ती सांगते, उरलेली दहा मिनिटं सगळे फक्त वि-7बद्दल बोलत होते, आणि उपसा कमी करायला सांगणारी तू कोण, हेही एकानं विचारलं. तिनं उत्तर दिलं की तीन वर्षांत मला सांगायचं नाही, मोजायचंय.

निवड झाली. पहिला हप्ता यायला आठ महिने लागले, तोवर ती तासिका घेतच होती. मंजुरीपत्रासोबत सुधारित अंदाजपत्रक आलं. लॅपटॉप मंजूर. फीत मंजूर. पेट्रोल 'अनुज्ञेय नाही'.

मी चिडून दोन मेल केले, उत्तर नाही. परवा तिला विचारलं, "मग विहिरी हिंडतेस कशी?"

"आप्पांची गाडी आहे ना. तेच येतात बरोबर. शिट्टी वाजली की आकडा तेच आधी ओरडून सांगतात, स्वतःच्या बोअरला सोडून. तिथं म्हणतात, तू बघ."