आरशासारखं एलिव्हेटर

घरी विमान बांधणाऱ्यांसाठी मी फायबरग्लासचे भाग करतो. काउलिंग म्हणजे इंजिनवरचं आवरण, पंखांची टोकं, चाकांवरची कव्हरं. कामाचा मोठा भाग म्हणजे रेझिन-हार्डनर काट्यावर मोजणं आणि वाळलेलं घासत बसणं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

परवा एक गृहस्थ काउलिंगचं माप द्यायला आले. सोबत स्वतः केलेलं एलिव्हेटर होतं, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारी बिजागरीवरची हलती फळी, नुसतं दाखवायला. पृष्ठभाग असा, की त्यात ट्यूबलाइट सरळ दिसत होती. मी आधी नाण्याने ठोकत गेलो. रेझिनमध्ये भिजवलेलं काचेच्या धाग्यांचं कापड खालच्या थराला चिकटलं नसेल तिथे आवाज बोदा येतो. इथे टोकापासून टोकापर्यंत एकसारखा टणत्कार. आतल्या बाजूला रंग नव्हता, तिथे कापडाची वीण दिसत होती. धागे सरळ, रेझिन भिजण्यापुरतंच, वर थारोळं नाही. हे जमणारी माणसं कमी. बहुतेकांना वाटतं रेझिन ओतलं की मजबुती वाढते. ताकद धाग्यात असते, जादा रेझिन म्हणजे नुसतं वजन.

मग ते बिजागरीच्या पिनांवर टांगलं. मागची कड खाली गेली आणि खालीच राहिली. नकाशाप्रमाणे पुढची बाजू जड हवी होती.

"वर काय भरलंय?"

"गाडीची पुट्टी. मस्त घासली जाते."

घासली जाते खरी. पण ती दगडाच्या भुकटीची. आम्ही इपॉक्सी रेझिनमध्ये मायक्रो, म्हणजे काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे कालवतो, ते हलकेपणासाठीच. त्यात रंगाचे जाड थर, आणि बहुतेक सगळं बिजागरीच्या मागे. एलिव्हेटरचा भार मागे गेला की ठरावीक वेगाला ते फडफडू लागतं, वाऱ्यातूनच जोर घेत राहतं, आणि काही सेकंदांत तुटूही शकतं. वैमानिकाला काही करायला वेळच मिळत नाही.

ते म्हणाले, पुढे शिसं भरा. मी वजन केलं. नकाशातली कमाल मर्यादा शिशाआधीच ओलांडलेली. पुट्टी घासून काढायची तर खालचं कापड कापलं जाणार, आणि किती कापलं ते वरून कळणार नाही. नवीन करा, म्हटलं. ते बराच वेळ कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "बघायला आलेला प्रत्येक जण याचंच कौतुक करतो."

करणारच. लोक विमान डोळ्यांनी तपासतात. ते टांगून बघा असं त्या कौतुक करणाऱ्यांपैकी एकालाही सुचलं नाही, याचा मला त्यांच्या पुट्टीपेक्षा जास्त राग आहे.

शेवटी त्यांनी नव्या एलिव्हेटरच्या गाभ्यासाठी फोमची ऑर्डर दिली. निळा पॉलिस्टायरीन, तापलेल्या तारेने मी कापून देणार. कापड ते स्वतः चढवणार. ते चांगलंच चढवतील, त्याची काळजी नाही.

पण ऑर्डर एकाच बाजूची आहे. दुसऱ्या बाजूचं एलिव्हेटर त्यांनी त्याच डब्यातल्या पुट्टीने केलंय. ते घेऊन या म्हटलं, तर म्हणाले, "ते ठीक आहे, त्याला कमी लागली होती." विमान त्यांचं, सही त्यांची. फोम कापून तयार आहे, पण दुसरं काट्यावर ठेवल्याशिवाय हा द्यायचा नाही असं मनात येतंय. तसा हक्क मला आहे का, ते अजून ठरत नाहीये.