एकही विजेतेपद नाही, मग मोठा कोच कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. कॉलेज बेसबॉलचा विषय निघाला आणि माइक मार्टिन यांचं नाव घेतलं, की हा प्रश्न हमखास येतो: चाळीस वर्षं एकाच संघाचा कोच, 2,029 विजय, आणि राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही? मग एवढं कौतुक कशाचं?

आधी माणूस कोण ते सांगतो. जन्म 1944 चा. फ्लोरिडा राज्याची राजधानी टॅलहॅसी, तिथल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाकडून ते स्वतः खेळले आणि 1965 च्या संघातून ओमाहाला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्याला, कॉलेज वर्ल्ड सिरीजला गेले. नंतर त्याच गावातल्या कम्युनिटी कॉलेजात ते चक्क बास्केटबॉलचे कोच होते. 1975 मध्ये फ्लोरिडा स्टेटला सहायक कोच म्हणून परतले. 1979 मध्ये मुख्य कोच होते डिक हाउझर, पण एकाच मोसमानंतर त्यांना न्यूयॉर्क यांकीज या व्यावसायिक संघाने मॅनेजर म्हणून नेलं आणि ती जागा मार्टिन यांच्याकडे आली. 1980 ते 2019 असे चाळीस मोसम. प्रत्येक मोसमात किमान 40 विजय, प्रत्येक मोसमात एनसीएएच्या (कॉलेज खेळांची संघटना) राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश, आणि 17 वेळा ओमाहा. दुसरे कॉलेज कोच ऑगी गॅरिडो यांचा 1,975 विजयांचा विक्रम त्यांनी मे 2018 मध्ये मागे टाकला. जर्सीवर आकडा 11, म्हणून सगळे त्यांना ‘इलेव्हन’च म्हणत. बेसबॉलमध्ये कोचही खेळाडूंसारखाच पूर्ण गणवेश घालतो, हे क्रिकेटवाल्यांना जरा विचित्र वाटतं.

‘म्हणजे अमेरिकेचे आचरेकर सर का?’ असंही कुणी विचारतं. तसं नाही. शिवाजी पार्कवर मुलं सरांकडे चालत येत. अमेरिकन कॉलेजचा कोच मुलांच्या मागे फिरतो, त्यांच्या फीचा हिशेब करतो, आणि तीन-चार वर्षांत ती निघून गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हिशेबाची गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. अमेरिकेतले मराठी आईबाप ‘मुलगा बेसबॉल बरा खेळतो, फुल स्कॉलरशिप मिळेल ना?’ म्हणून विचारतात, त्यांनी तर नक्कीच. मार्टिन यांच्या शेवटच्या दहा मोसमांत नियम असा होता: संघात जास्तीत जास्त 35 मुलं, त्यांतल्या 27 जणांनाच खेळाची स्कॉलरशिप देता येणार, आणि या सगळ्यांत मिळून पूर्ण स्कॉलरशिप फक्त 11.7. शिवाय ज्याला द्याल त्याला किमान 25 टक्के. आता मांडा गणित. 27 जणांना किमान हिस्सा दिला की 6.75 संपल्या, उरल्या 4.95. त्यातून शुक्रवारचा पिचर (चेंडू टाकणारा, संघातला सर्वांत चांगला), कॅचर (यष्टिरक्षकासारखा) आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) यांना जास्त द्यावं लागतं, कारण तेच नसले तर संघ उभा राहत नाही. चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या पिचरच्या आईवडिलांना मग पंचवीस-तीस टक्क्यांवर राजी करायचं.

फ्लोरिडातल्या कोचला इथे एक आधार असतो. राज्याची ‘ब्राइट फ्युचर्स’ नावाची शिष्यवृत्ती लॉटरीच्या पैशांतून चालते आणि शाळेतले गुण बघून मिळते. ती 11.7 च्या हिशेबात धरावी लागत नसेल, तर हुशार स्थानिक मुलगा कोचला स्वस्तात पडतो. म्हणून चांगला कोच मुलाच्या बॅटचा स्विंग बघण्याआधी त्याचं प्रगतिपुस्तक मागतो.

एवढं जमवूनही मुलगा येईलच असं नाही. बारावीनंतर व्यावसायिक संघ त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, थेट उचलू शकतात. पण तो चार वर्षांच्या कॉलेजात दाखल झाला, की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा वयाची 21 पूर्ण होईपर्यंत ड्राफ्टचा दरवाजा बंद. त्यामुळे सर्वांत गुणी मुलगा ऐन उन्हाळ्यात बोनस घेऊन गायब होऊ शकतो, आणि तोवर त्याच्या जागेसाठी पाहून ठेवलेला दुसरा मुलगा भलत्याच कॉलेजात गेलेला असतो. चांगले संघ कोसळतात त्याचं एक कारण हे असतं. चाळीस वर्षांत एकदाही 40 च्या खाली न जाणं म्हणजे काय, ते इथे कळतं.

पारख करताना हातात स्टॉपवॉच. कॅचरच्या हातमोज्यात चेंडू आल्यापासून तो दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंत दोन सेकंद किंवा कमी. उजव्या बॅटरला पहिल्या बेसपर्यंत धावायला 4.3 सेकंद लागले तर ठीक. पण घड्याळात न दिसणारं जास्त महत्त्वाचं. 2006 मध्ये फ्लोरिडा स्टेटला बस्टर पोझी शॉर्टस्टॉप म्हणून आला आणि पहिल्याच वर्षी चमकला. दुसऱ्या वर्षी त्याला कॅचर केलं. चालत्या गाड्याला खीळ कोण घालतो? पण हात मऊ, फेक जोरदार, डोकं शांत, जागा बदलली. 2008 मध्ये त्याची बॅटिंग सरासरी .463 (शंभर प्रयत्नांत साधारण 46 हिट), होमरन 26. त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला पाचव्या क्रमांकावर उचललं, आणि पुढे त्यांच्या 2010, 2012 व 2014 या तिन्ही विजेत्या संघांत तो होता.

रोजचं काम मात्र हाताला घट्टे पाडणारं. क्षेत्ररक्षणाच्या सरावाला कोच ‘फंगो’ वापरतो: साध्या बॅटपेक्षा लांब, 35 ते 37 इंची, बारीक आणि हलकी. सामन्याआधी दहा मिनिटं मिळतात. आधी आउटफिल्डरना चेंडू, त्यांच्या फेकी दुसऱ्या बेसवर, तिसऱ्यावर, मग होमवर, म्हणजे बॅटरच्या जागी. नंतर इनफिल्ड, डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे बाद). सगळ्यात शेवटी कॅचरसाठी डोक्यावर सरळ उंच फटका, आणि नव्या कोचची फजिती होते ती इथे. फंगो चेंडूच्या अगदी तळाशी लागली नाही तर चेंडू मागच्या जाळीत जातो आणि प्रतिस्पर्धी डगआउट टाळ्या वाजवतो.

मग ओमाहात विजेतेपद का हुकलं? नियमित मोसमात शुक्रवार, शनिवार, रविवार अशी मालिका असते. तीन दिवसांचे तीन पिचर, प्रत्येक जण साधारण शंभर चेंडू टाकून आठवडाभर विश्रांती घेतो. राष्ट्रीय स्पर्धेत 1999 पासून 64 संघ असतात, चार-चारच्या गटात, दोनदा हरलात की बाहेर. पहिलाच सामना गेला तर गट जिंकायला सलग चार जिंकावे लागतात, आणि सोमवारपर्यंत चेंडू हातात द्यायला ताजा पिचरच उरत नाही. मार्टिन यांचे संघ दोनदा अंतिम सामन्यापर्यंत पोचले. 1986 मध्ये ॲरिझोनाकडून 10-2 आणि 1999 मध्ये मायामीकडून 6-5 असे हरले. 1999 मध्ये अंतिम फेरी एकाच सामन्याची होती. तीनपैकी दोनची पद्धत 2003 मध्ये आली.

सगळं नशिबावर ढकलणंही बरोबर नाही. त्यांच्या बॅटरांची शिकवण धीराची: वाईट चेंडू सोडा, वॉक (चार वाईट चेंडूंवर मिळणारा फुकटचा पहिला बेस) घ्या, पिचरला दमवा. 56 सामन्यांच्या मोसमात हे चोख चालतं, कारण आठवड्यामधल्या मंगळवारच्या सामन्यातला दुय्यम पिचर चुकतोच. ओमाहात समोर येतात ते शुक्रवारवाले, आणि ते फुकट बेस देत नाहीत. 2019 चा निरोपाचा मोसम बघा. संघ स्पर्धेत जेमतेम शिरला, मग अथेन्समध्ये जॉर्जियाला आणि बॅटन रूजमध्ये एलएसयूला त्यांच्याच मैदानावर हरवून ओमाहाला पोचला. तिथे अर्कान्सासवर 1-0 असा विजय, मिशिगनकडून 0-2 आणि टेक्सास टेककडून 1-4 अशी हार. तीन सामन्यांत धावा दोन. 2011 पासूनचं तिथलं मैदान मोठं, वारा बरेचदा बॅटरच्या तोंडावर. अशा ठिकाणी बंट करून (चेंडूला बॅट नुसती टेकवून), पळून एकेक धाव ओढून आणणारा संघ लागतो. माझं मत विचाराल तर मार्टिन यांनी मोसमाला साजेसा संघ बांधला, जूनला, म्हणजे ओमाहाला साजेसा नाही.

उलट उदाहरण रॉड डीडो यांचं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कोच, 11 विजेतेपदं, त्यांतली 1970 ते 1974 सलग पाच. स्वतःची ट्रकची कंपनी होती, म्हणून कोचिंगचा पगार नाममात्र, वर्षाला एक डॉलर! कुणाला थोर म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी मार्टिन यांच्या बाजूचा.

आणि पुढचा प्रश्न, विक्रम मोडेल का? वर्षाला 50 विजय धरले तरी एकेचाळीस मोसम लागतील. मार्टिन 1 फेब्रुवारी 2024 ला वारले. 2019 नंतर त्यांच्या जागी कोच म्हणून आलेल्या त्यांच्या मुलाला तीनच मोसम मिळाले होते. 2025-26 पासून अकरा पूर्णांक सातची मर्यादा बहुतेक मोठ्या विद्यापीठांत गेली, तिच्या जागी 34 खेळाडूंची मर्यादा आली, आणि खेळाडूंना दर वर्षी कॉलेज बदलण्याची मुभाही आहे. अशा घाईत कुणी कोचला चाळीस वर्षं देईल, असं मला वाटत नाही.