स्टॅन्लीने फोडलेले बल्ब

टेनेसी विल्यम्सच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या नाटकाचा विषय निघाला की कागदी कंदील येतोच. ब्लांश द्युबुआ बहिणीकडे, स्टेलाकडे, न्यू ऑर्लीन्सला येते. दोन खोल्यांचं घर, मध्ये नुसता पडदा. उघडा बल्ब तिला सोसत नाही. उद्धट बोलणं किंवा अचकट वागणं जसं सोसत नाही, तसाच. मग चिनी दुकानातून आणलेला छोटा रंगीत कंदील ती मिचकडून, म्हणजे मेहुण्याच्या तिच्यात गुंतत चाललेल्या मित्राकडून, त्या बल्बवर चढवून घेते. वय झाकलं, भूतकाळ झाकला, म्हणून भ्रम म्हणजे ब्लांश आणि वास्तव म्हणजे तिचा मेहुणा स्टॅन्ली, अशी सोपी वाटणी बहुतेक जण करून टाकतात.

मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करते. संहिता हातात आली की आधी रंगसूचना वाचते, संवाद नंतर. आमच्या ग्रुपने या नाटकातले काही प्रवेश करायचे ठरवले. तेंडुलकरांनी ते 'वासनाचक्र' म्हणून मराठीत आणलं आहे, पण मी मूळ इंग्रजी पुस्तकच घेऊन बसले आणि पेन्सिलीने फक्त उजेडाच्या जागांवर खुणा करत गेले. त्या खुणा बघितल्यावर ही वाटणी मला पटेनाशी झाली.

चौथा प्रवेश बघा. आदल्या रात्री दारूच्या नशेत स्टॅन्लीने गरोदर बायकोवर हात उगारलाय. ती वरच्या मजल्यावर युनिसकडे पळाली, त्याने खालून गळा फाडून हाका मारल्या, आणि ती जिना उतरून परत आली. सकाळी ब्लांश हादरून गेलीय आणि स्टेला पलंगावर निवांत लोळतेय. बोलता बोलता ती सांगते की लग्नाच्या रात्री घरात पाऊल टाकताच स्टॅन्लीने तिचीच चप्पल काढून घेतली आणि घरभर फिरून तिच्या टाचेने बल्ब फोडले. ब्लांश विचारते, तू ओरडली नाहीस? स्टेला म्हणते, मला तर थरार वाटला.

म्हणजे त्या घरात अंधार पहिल्यांदा केला तो स्टॅन्लीने. त्यावर कोणी चर्चा करत नाही. आठव्या प्रवेशात तोच माणूस बायकोला जवळ घेऊन म्हणतो की ब्लांश एकदा गेली की पुन्हा पूर्वीसारखे रंगीत दिवे लावू. त्याच्या भाषेत रंगीत दिवे म्हणजे शरीरसुख. त्यालाही पांढरा उजेड नकोच आहे. ब्लांशने बल्बवर रंगीत कागद चढवला की ती लबाड, आणि याने बल्ब फोडून रंगीत दिव्यांची स्वप्नं बघितली की तो रांगडा, खरा मर्द. तालमीत आमच्या स्टॅन्लीने, बँकेत नोकरी करणारा अगदी सभ्य मुलगा आहे, मला विचारलं, "पण मॅडम, ती खोटं बोलतेच ना?" बोलते की. लॉरेल गावातलं बदनाम फ्लमिंगो हॉटेल, सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याशी प्रकरण, शिक्षिकेची गेलेली नोकरी, सगळं दडवते. त्यातलं ते मुलाचं प्रकरण तर मला आजही गिळवत नाही. पण तिची चौकशी करणाऱ्याची चौकशी कुठे होते?

ब्रँडोचाही यात हात आहे. पहिला प्रयोग ३ डिसेंबर १९४७चा, न्यूयॉर्कच्या बॅरिमोर थिएटरमधला. दिग्दर्शक एलिया कझान, ब्लांश जेसिका टँडी. पण प्रेक्षकांचे डोळे खिळले ते अंगाला चिकटलेल्या टी-शर्टातल्या, स्टॅन्ली झालेल्या तेविशीच्या मार्लन ब्रँडोवर. रंगमंचावर बाईच्या शरीराकडे बघायची सवय असलेल्या प्रेक्षकाला इथे पुरुषाच्या शरीराकडे बघत बसायला लावलं गेलं, आणि बघता बघता तो त्याच्याच बाजूचा झाला. समीक्षक-दिग्दर्शक हॅरोल्ड क्लर्मनला हेच खटकलं होतं. त्याने पुढे उटा हेगन आणि अँथनी क्विनला घेऊन दौऱ्याचं नाटक बसवलं, तेव्हा तोल ब्लांशकडे झुकला. संहिता तीच.

आता कंदिलाकडे येऊ. ब्लांश उजेडाला का भिते, याचं उत्तर सहाव्या प्रवेशात आहे आणि ते सुरकुत्यांपेक्षा फार खोल आहे. सोळाव्या वर्षी ती ॲलनच्या प्रेमात पडली. कायम अर्धवट सावलीत असलेल्या गोष्टीवर एकदम डोळे दिपवणारा झोत पडावा, असं ती त्या प्रेमाचं वर्णन करते. लग्न झालं. मग एक दिवस रिकामी समजून ती एका खोलीत शिरली आणि तिथे ॲलन एका पुरुषासोबत दिसला. आपण काही पाहिलंच नाही असं दाखवत तिघं मून लेक कॅसिनोला गेली, प्यायली, हसली. नाचता नाचता तिच्या तोंडून निघून गेलं की मी पाहिलंय, मला सगळं माहीत आहे, तुझी किळस येते. ॲलन तळ्याच्या काठी धावला आणि त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. तेव्हा जगावरचा तो झोत विझला, ती म्हणते, आणि त्यानंतर या स्वयंपाकघरातल्या मेणबत्तीपेक्षा मोठा उजेड माझ्या आयुष्यात आला नाही.

म्हणजे झोत तिनेही मारला होता. एका कोवळ्या मुलाच्या झाकलेल्या गोष्टीवर, भर नाचात. विल्यम्स स्वतः समलिंगी होता. १९४७ साली हे रंगमंचावर आणताना त्याने ॲलनला दाखवलंच नाही, फक्त ब्लांशच्या डोक्यात वाजत राहणारी त्या नाचाची पोल्का धून आणि शेवटचा गोळीचा आवाज ठेवला. १९५१च्या सिनेमात सेन्सॉरमुळे तेवढंही उरलं नाही. ॲलन नुसता हळवा, दुबळा कवी झाला, आणि ब्लांश झालेल्या व्हिव्हियन लीला कारणच गायब झालेलं दुःख पेलावं लागलं. तिने ते पेललं, ऑस्करही मिळालं, पण नाटक वाचलेल्याला ती पोकळी जाणवते.

नवव्या प्रवेशात मिच येतो तो नेमका हाच हिशेब घेऊन. तुला मी कधी उजेडात पाहिलंच नाही, म्हणतो, कंदील ओरबाडतो आणि दिवा लावतो. ब्लांश म्हणते, मला वास्तव नको, जादू हवी. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्यानंतर जे घडतं ते फारसं आठवत नाही कुणाला. ती खरं खरं सगळं सांगते, आणि ते ऐकून झाल्यावर मिच तिच्या कमरेला हात घालतो. उन्हाळाभर जे मिळालं नाही ते आता हवंय. ती म्हणते, मग लग्न कर. तो म्हणतो, माझ्या आईच्या घरात आणण्याइतकी तू स्वच्छ नाहीस. सत्य कळल्यावर माणसाची वासना गेली नाही, फक्त आदर गेला.

इथली तांत्रिक गंमत सांगते. कागदी कंदिलात फिलामेंटचा मोठा बल्ब घातला तर प्रेक्षकांपर्यंत उजेड पोचतो, पण कागद करपतो. आमच्या दिवेवाल्या काकांनी तोंड उघडायच्या आधीच बजावलं, "पंधरा वॅटचा घाला, बाकी वरून अंबर मारू." तेच केलं. कंदिलात नावापुरता बल्ब, आणि ब्लांशच्या चेहऱ्यावर पडतो तो उजेड वरच्या स्पॉटचा, जिलेटिन म्हणजे रंगीत पारदर्शक कागद लावलेला. मिच कंदील ओरबाडतो त्या क्षणी स्पॉट बंद आणि पांढरा उजेड सुरू, हे माझ्या हातांनी होतं. त्यामुळे तो 'खरा' उजेडही मीच बनवलेला असतो, हे मला विसरताच येत नाही.

दहाव्या प्रवेशातल्या बलात्काराबद्दल मी फार लिहिणार नाही. ब्लांश ते बहिणीला सांगते. अकराव्या प्रवेशात स्टेला युनिसला म्हणते की तिची गोष्ट खरी मानली तर मला स्टॅन्लीबरोबर राहता येणार नाही. युनिस म्हणते, मग मानूच नकोस. अख्ख्या नाटकातला सगळ्यात मोठा भ्रम हा आहे, आणि तो ब्लांशचा नाही. तान्हं मूल कडेवर असलेल्या बाईने पूर्ण शुद्धीत निवडलेला आहे. तिला दोष देताना माझी जीभ अडखळते. हातात पैसा नाही, माहेर म्हणावं तर बेल रीव्ह ही घराण्याची वाडी कर्जात गेलेली. जिने इतकं खोटं सांगितलं तिचं हे एक खरं खोट्यातच जमा होतं, आणि तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवणं सगळ्यांच्याच सोयीचं पडतं. विल्यम्सच्या बहिणीच्या, रोझच्या मेंदूवर १९४३ साली शस्त्रक्रिया केली गेली. तिचं उरलेलं आयुष्य संस्थांच्या आसऱ्याने गेलं. त्याला हे दार आतून-बाहेरून माहीत होतं.

शेवटावरून दिग्दर्शकाशी माझं वाजलंय. त्यांना ब्लांश डॉक्टरचा हात धरून निघाली की तिच्यावर एकच मऊ स्पॉट आणि बाकी अंधार हवाय. पुस्तकात तसं नाही. ती जाते, स्टेला रडते, तिला शांत करता करता स्टॅन्लीची बोटं तिच्या ब्लाउजकडे जातात, आणि शेवटचं वाक्य पत्त्यांच्या टेबलावरच्या स्टीव्हचं आहे, पुढच्या डावाबद्दलचं. माझं म्हणणं, टेबलावरचा दिवा पूर्ण चढलेला हवा आणि ती बोटंही दिसायला हवीत.

"अहो, प्रेक्षकांना जरा रडू द्या की," ते म्हणाले.

"रडू देत ना, पण पत्ते वाटताना दिसले पाहिजेत."

डिमरवर मी बसणार आहे, त्यामुळे वाद फार लांबेल असं वाटत नाही.