निरोप आत कोण नेतं?

‘हार्मोन पेशीत शिरतच नाही, मग केंद्रकातल्या जनुकांना कळतं कसं?’ जीवशास्त्र शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेला. तुम्ही विचारलंत म्हणून रक्तातली साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉन या हार्मोनचं उदाहरण घेऊन सांगते.

कॉर्टिसॉलसारखी स्टेरॉइड हार्मोनं मेदात विरघळतात, त्यामुळे पेशीपटलातून थेट आत जातात. ग्लुकागॉन ही 29 अमिनो आम्लांची साखळी. पटलाचा तेलकट थर तिला ओलांडता येत नाही. रात्रीच्या जेवणानंतर पहाटेपर्यंत रक्तातली साखर उतरू लागली, की स्वादुपिंड ग्लुकागॉन सोडतं. ते यकृताच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला, बाहेरूनच चिकटतं. हा रिसेप्टर पटलातून सात वेळा आरपार गेलेला असतो, म्हणून बाहेरच्या स्पर्शाने त्याची आतली बाजूही हलते. तिथलं जी-प्रथिन जागं होतं, ते ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला (एन्झाइमला) कामाला लावतं आणि एटीपी या ऊर्जेच्या रेणूपासून सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आत निरोप नेणारा छोटा रेणू बनू लागतो.

अमेरिकी शास्त्रज्ञ अर्ल सदरलंड यांनी हे ज्या पद्धतीने शोधलं, ते शिकवताना मला दरवेळी भरून येतं. 1950च्या दशकात त्यांनी यकृत वाटून अपकेंद्री यंत्रात फिरवलं. वरच्या निवळीत हार्मोन घातलं. काही घडलं नाही. मग हार्मोन खाली बसलेल्या पटलाच्या तुकड्यांना दिलं, ते मिश्रण उकळलं आणि त्यातलं पाणी निवळीत टाकलं. ग्लायकोजेन, म्हणजे यकृतातला साखरेचा साठा, फोडणारं विकर कामाला लागलं! उकळूनही टिकलेला तो चिमुकला रेणू म्हणजे सायक्लिक एएमपी. 1971चं वैद्यकाचं नोबेल एकट्या सदरलंडना मिळालं.

आता केंद्रकाकडे. पीकेए या विकराचे चार भाग असतात: दोन काम करणारे, दोन त्यांना धरून ठेवणारे. धरणाऱ्यांना सायक्लिक एएमपी चिकटलं की कामाचे भाग मोकळे होतात. त्यातले काही केंद्रकाच्या छिद्रांतून आत जातात आणि क्रेब या डीएनएला चिकटणाऱ्या प्रथिनाच्या 133व्या अमिनो आम्लावर, सेरीनवर, फॉस्फेट बसवतात. मग क्रेब सीबीपी नावाच्या जोडीदाराला धरतं आणि पेपसीकेसारखी, नवी साखर बनवणाऱ्या विकरांची जनुकं वाचली जाऊ लागतात.

म्हणजे केंद्रकात जातो तो पेशीचाच, आधीपासून आत असलेला विकराचा तुकडा. पाठ्यपुस्तकात रिसेप्टरपासून केंद्रकापर्यंत एकच सरळ बाण काढतात, तो मला अजिबात पटत नाही. या पायऱ्यांमुळेच थोडक्या हार्मोनचा परिणाम मोठा होतो, कारण जागं झालेलं एकेक विकर पुढे कितीतरी रेणू घडवतं.

थांबवण्याचीही सोय आहे. फॉस्फोडायएस्टरेज सायक्लिक एएमपी मोडत असतं, क्रेबवरचं फॉस्फेट काढणारी विकरं वेगळी. सकाळी नाश्ता झाला, इन्सुलिन वाढलं, की हीच जनुकं पुन्हा मंदावतात.